ओरिन पेटिंगिलचा पलंग कोणत्या गावात?

ओरिन पेटिंगिलला आयुष्यातलं पहिलं पद मिळालं ते त्याच्या लग्नामुळे. व्हर्मॉंट राज्यातल्या आमच्या ड्रूरीत मार्च महिन्यातल्या गावसभेत वर्षभराचे अधिकारी निवडतात, आणि त्या काळी त्यांत डुक्करपंच नावाचंही एक पद असे. मोकाट सुटलेली डुकरं धरायची आणि कोंडवाड्यात घालायची, एवढंच काम. हे पद त्या वर्षी नव्यानं लग्न झालेल्याच्याच गळ्यात मारायचं अशी जुनी थट्टा होती. नवरदेवाचं नाव पुकारायचं, सगळ्यांनी पाय आपटून हसायचं, त्यानं लाजून लाल व्हायचं, आणि पुढे वर्षभर कुणी डुकराकडे ढुंकूनही बघायचं नाही. १८३४ साली ओरिनचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याच्या लग्नाला तीन आठवडे झाले होते. तो उभा राहिला, लाजला बिजला नाही, आणि कोंडवाड्याची किल्ली कुणाकडे असते असं त्यानं विचारलं.

किल्ली कुणाकडेच नव्हती. त्यानं लोहाराकडून नवी करून घेतली. मे संपायच्या आत कोंडवाड्यात अकरा डुकरं जमा झाली, आणि अकरावी होती हायरम टटलची पांढरी डुकरीण. टटल म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. लाकूड कापायची गिरणी त्यांची, दुकान त्यांचं, चर्चमधला पुढचा बाकही त्यांचाच. लहानथोर सगळे त्यांना टटलसाहेब म्हणत. साहेबांनी डुकरीण आणायला गडी पाठवला. ओरिननं त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की नियमात मालकानं येऊन न्यावं असं लिहिलंय. मग साहेब आले, तेही रविवारच्या बुटांत, आणि डुकरीण दोरीला धरून भर रस्त्यातून घरी घेऊन गेले. म्हणजे दोरी त्यांच्या हातात होती. कोण कुणाला नेत होतं हे रस्त्यानं जो तो आपापल्या परीनं ठरवत होता. गावानं ते दृश्य पुढे बरीच वर्षं जपून ठेवलं. साहेबांनीही.

पण एक झालं. हा माणूस दिलेलं काम खरंच करतो, हे गावाला कळलं. पुढच्या वर्षी त्याला कुंपणपंच केलं आणि नंतर सोळा वर्षं बदललंच नाही. आमच्या भागात शेताशेतांमध्ये दगडी गडगे असतात. गडगा कुणाचा, पडला तर कुणी रचायचा, मेंढी उडी मारून गेली तर दोष गडग्याचा की मेंढीचा, यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. ओरिन अशा ठिकाणी चालत जायचा. एका घरी सफरचंदाची पाई खायची, दुसऱ्या घरी पाई खायची, दोन्ही घरच्या बायकांना चांगली झाली म्हणून सांगायचं, गडग्याच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत जायचं, आणि कुणालाही काही न बोलता घरी यायचं. निकाल दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर. चिठ्ठी कधी तीन ओळींच्या वर गेली नाही. तिच्यावर वाद घालायला पुन्हा पाच मैल चालावं लागे, त्यामुळे बहुतेक लोक ती मान्य करत.

बोलणं त्याचं बेताचंच. त्याची बायको लोविना म्हणायची, "ह्यांना दोन वाक्यं सलग बोलायची असली की मधे बसायला खुर्ची लागते." ती स्वतः बोलकी, हसरी, आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ धोरणी होती.

आता कळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. झग्याचे दोन तुकडे नीट जुळले नाहीत की शिंपी मधे तिकोनी कापड घालतो, ती कळी. आमच्या व्हर्मॉंटमध्ये जमिनीलाही अशा कळ्या आहेत. या गोष्टीच्या सत्तर वर्षं आधी एक मोजणीदार दक्षिणेकडून ड्रूरीची शीव आखत आला आणि दुसरा उत्तरेकडून पलीकडच्या गावाची. दोघांकडे होकायंत्र होतं, दोघांकडे साखळी होती, आणि बहुधा दोघांकडे रमही होती. दोन शिवा एकमेकींना भेटल्याच नाहीत. मधे दीड मैल लांबीची, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती अशी पट्टी राहून गेली. ती ना या गावाची ना त्या गावाची. तिला लूमिसची कळी म्हणत. हा लूमिस कोण हेही कुणाला माहीत नव्हतं.

त्या कळीत चार घरं होती. गाव नाही म्हणून करवसुली नाही, यावर ती माणसं आधी खूश असायची. पण गाव नाही म्हणजे रस्ता नाही, मत नाही, आणि मुलांना शाळा नाही. लोविनाची धाकटी बहीण मर्सी याच कळीत अमासा किडरला दिलेली. तिला चार मुली. थोरली नऊ वर्षांची झाली तरी तिला जे काही वाचता येत होतं ते सगळं मर्सीनं चुलीपाशी पंचांग उघडून शिकवलेलं. पोरीला ग्रहणाच्या तारखा पाठ होत्या आणि बेरीज येत नव्हती. मर्सीनं तिला ड्रूरीच्या चौकातल्या शाळेत नेऊन बसवलं, तर तिसऱ्या दिवशी मास्तरांनी निरोप दिला की पंचांची परवानगी नाही. मुख्य पंच टटलसाहेब. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: कळी गावात घेतली की तिथवर रस्ता बांधावा लागेल, आणि चार घरांसाठी डोंगरात रस्ता कोण बांधतो? राज्याच्या विधानसभेत ड्रूरीचे प्रतिनिधीही तेच होते, सलग सहा वर्षं. कळी गावाला जोडायचा ठराव तिथे मांडायला हवा होता, आणि मांडणारा माणूस तर हा असा.

१८५१ च्या उन्हाळ्यात मर्सी एक दिवस बहिणीकडे आली आणि थेट ओरिनसमोर जाऊन उभी राहिली. दाजी, या खेपेला तुम्ही उभे राहा, म्हणाली. ओरिन म्हणाला की त्याला भाषण येत नाही, ऑक्टोबरमध्ये सफरचंदं उतरायची असतात, आणि राजधानीत, मॉंटपीलियरला, काळा कोट लागतो. लोविनानं आतून उत्तर दिलं की सफरचंदं ती उतरवील, कोट तिच्या वडिलांचा आहे, आणि भाषणाची गरज नाही; तिथे दोनशेवर माणसं बोलणारी आहेत, एखादा ऐकणाराही लागत असेल. यावर ओरिन तासभर गोठ्यात जाऊन बसला. बाहेर आला तेव्हा बरं म्हणाला. कळी गावात आणायची, एवढंच एक काम त्यानं अंगावर घेतलं. दुसरं कुणाला कसलंही वचन दिलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी मतं पडली. निम्म्याहून अधिक मतं मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या, अशी पद्धत होती. तिसऱ्या फेरीला ओरिन दोन मतांनी निवडून आला. हळूहळू हिशेब लागला की गेल्या सोळा वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या गडग्याचा निकाल त्यानं विरुद्ध दिला होता, त्यांतल्याही बऱ्याच जणांनी त्याला मत दिलं होतं.

टटलसाहेब हरल्यावर हात चोळत बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गावाच्या पेटीतून मोजणीदाराची जुनी टिपणं काढली. शीव कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत जाते ते त्यांत लिहिलेलं होतं: खाच पाडलेल्या बीचच्या झाडापासून सरळ नाल्यातल्या दुभंगलेल्या खडकापर्यंत. साहेबांनी खडकावर उभं राहून बीचकडे नजर टाकली आणि त्यांना मधोमध पेटिंगिलांचं धुराडं दिसलं. त्यांनी पंचांची बैठक बोलावली आणि शीव मोजायची मागणी केली. गावात शीव मोजणारा भरवशाचा माणूस एकच होता. पंचांनी जरा संकोचानं त्यालाच पत्र लिहिलं.

ओरिननं आपल्याच घराची शीव मोजली. साखळीचं दुसरं टोक धरायला साहेब स्वतः आले होते, पण घरात न येता बाहेर खडकापाशीच उभे राहिले. बीच सापडला, खडक सापडला, आणि रेघ पेटिंगिलांच्या फडताळाशेजारच्या खिडकीतून आत शिरून चुलीच्या मागून बाहेर पडली. सगळ्या गावाचे गडगे तपासणाऱ्या या माणसानं स्वतःचा गडगा कधी तपासला नव्हता. परसातला गडगा म्हणजेच शीव, असं वडील सांगायचे, ते त्यानं धरून ठेवलेलं. पुढचं दुमजली घर वडिलांनी ड्रूरीत बांधलं होतं. लग्न झाल्यावर ओरिननं मागे स्वयंपाकघर जोडलं, ते बघता बघता शीव ओलांडून कळीत जाऊन बसलं होतं. त्यानं सूत धरलं, खडूनं स्वयंपाकघराच्या फळ्यांवर रेघ मारली, आणि मग लोविनाकडे बघितलं. ती पीठ मळत होती. ती एवढंच म्हणाली की सतरा वर्षं परगावात राबतेय हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांनी ताबडतोब मॉंटपीलियरला अर्ज धाडला. निवडून आलेला माणूस गावचा रहिवासीच नाही, त्याची निवड रद्द करावी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बसवावं. गावात मात्र फारशी काळजी कुणी केली नाही. घरातून शीव गेली तर माणूस जिथे झोपतो तिथला रहिवासी, हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. आणि पेटिंगिल नवराबायको वरच्या मजल्यावर झोपतात, वरचा मजला पुढच्या घरावर, पुढचं घर ड्रूरीत. मिटलं.

फक्त तीन माणसांना माहीत होतं की मिटलेलं नाही.

आमच्याकडे थंडीत वरच्या खोल्यांत पाण्याच्या घागरीत बर्फ धरतो. म्हणून सफरचंदं उतरून झाली की बऱ्याच घरांत पलंग सुटा करतात, खाली आणतात आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी मांडतात. वसंतात पुन्हा वर. पेटिंगिलांकडे हे दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला होई. पण त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी अवेळी कडाक्याची थंडी पडली. भोपळ्यांचे वेल एका रात्रीत काळे झाले. त्यातच ओरिननं आदल्या दिवशी दगड उचलताना कंबर धरून घेतली होती; त्याला जिनाही चढवेना. लोविनानं त्याच दिवशी पलंग खाली आणला. पलंगाचं दुसरं टोक धरायला मर्सी होती. म्हणजे मंगळवारी गावानं ओरिनला निवडून दिलं, तेव्हा तीन रात्री तो कळीत झोपत होता.

मॉंटपीलियरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिघं त्याच स्वयंपाकघरात बसली. मर्सीनं विषय काढला. साहेबांना पलंगाचं ठाऊक नाही, तिनं सांगितलं. त्यांची सगळी भिस्त चुलीवर आहे, की जेवतो तिथला रहिवासी. तेव्हा कुणी विचारलंच, तर वर झोपतो म्हणायचं. खोटंही नाही ते. वर्षातले सहा महिने वरच झोपता की.

"विचारलं तर सांगीन," ओरिन म्हणाला.

"काय सांगाल?"

"पलंग कुठे होता ते."

मर्सी उठून उभी राहिली. "दाजी, माझ्या चार पोरी आहेत. साहेब परत बसले की अजून सहा वर्षं बसतील. तोवर थोरली माझ्यासारखीच कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असेल. तुमच्या एका पलंगापायी?"

"मी सोळा वर्षं लोकांना सांगत आलो, मर्सी. रेघ इथून जाते, तुम्हाला आवडो न आवडो."

"लोकांच्या गडग्याआड मेंढ्या होत्या. माझ्या पोरी आहेत."

मर्सीनं लोविनाकडे बघितलं. "ताई, तू तरी बोल काही."

लोविना कोटाचं बटण शिवत राहिली. मग दोरा दातानं तोडत म्हणाली, "हे खोटं बोलले तर सगळ्या सभेला कळेल गं. ह्यांचे कान लाल होतात." मर्सीला हसू आलं नाही. ती पदर खोचल्यासारखी शाल आवळून निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला निरोप द्यायलाही आली नाही.

मॉंटपीलियरला ओरिन एका विधवेच्या खाणावळीत राहिला. एका खोलीत चौघं, चौघंही शेतकरी, चौघंही पहाटे चारला जागे होऊन काढायला गाय नाही म्हणून छताकडे बघत पडायचे. निवडणूक समितीपुढे त्याचं प्रकरण दुसऱ्या आठवड्यात आलं. समितीचे अध्यक्ष एबेन चॅफी, दक्षिणेकडच्या जिल्ह्यातला पांढऱ्या दाढीचा मेंढपाळ. टटलसाहेबांनी आपली बाजू अर्धा तास मांडली. माणूस खातो कुठे, त्याची चूल पेटते कुठे, यावर त्यांनी दोन जुने निकालही वाचून दाखवले. चॅफींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चूल महत्त्वाची नाही, झोपायची जागा महत्त्वाची, असं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा पडला. मग चॅफी ओरिनकडे वळले. नोंदीपुरतं विचारतोय असाच त्यांचा सूर होता. टाक त्यांनी आधीच शाईत बुडवला होता.

"तुमचा पलंग वरच्या मजल्यावर ना, पेटिंगिल?"

हो म्हणायला नुसती मान हलवावी लागली असती. ओरिनला नंतर लोविनानं खोदून खोदून विचारलं की त्या वेळी मनात काय आलं. त्यानं सांगितलं की मर्सीची थोरली पोर डोळ्यापुढे आली, पंचांग घेऊन. आणि तरी.

"मेपासून ऑक्टोबरपर्यंत वर," तो म्हणाला. "पण या वर्षी तीस ऑगस्टलाच खाली आणला. थंडी पडली, आणि माझी कंबर धरली होती. स्वयंपाकघरात आहे. चुलीच्या डाव्या अंगाला. रेघेच्या पलीकडे चार पावलं."

समितीतले पाच जण एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातला एक जण विचारू लागला की चुलीच्या इतक्या जवळ गादीला ठिणगी लागत नाही का, आणि दुसऱ्यानं आपल्या घरी पत्र्याचा आडोसा करतात म्हणून सांगितलं. टटलसाहेब तर आ वासून बघत राहिले. हरलेला दावा त्यांना असा समोरच्यानंच आणून हातात दिला होता. चॅफींनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला हे सांगायलाच हवं होतं का?"

"तुम्ही विचारलंत," ओरिन म्हणाला.

समितीनं अहवाल दिला की पेटिंगिल त्या दिवशी ड्रूरीचे रहिवासी नव्हते. अहवाल सभागृहापुढे आला तेव्हा रिवाजाप्रमाणे ओरिनला बोलायची संधी मिळाली. दोनशेवर माणसं होती, वर सज्जातही गर्दी. पलंगाची गोष्ट तोवर प्रत्येक खाणावळीत पोचली होती. तो उठला, सासऱ्यांच्या कोटाच्या बाह्या मागे सारल्या.

"अहवाल बरोबर आहे," तो म्हणाला. "रेघ मीच मारली. म्हणजे असं झालं की उन्हाळ्यात मी ड्रूरीचा आणि थंडीत कुठलाच नाही. सतरा वर्षं मला पत्ता नव्हता, आणि फरकही काही पडला नाही. पडला नाही कारण सगळ्यांना वाटायचं मी गावातला. माझ्या परसापलीकडे चार घरं आहेत. त्यांच्यात अकरा पोरं आहेत. ती बारा महिने कुठलीच नाहीत, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यांना शाळेच्या दारातून परत पाठवतात. मला घरी पाठवा, ते रास्त आहे. पण दोन मोजणीदारांची चूक आहे ही. गडगा चुकीच्या जागी असला तर आमच्याकडे गडगा हलवतात. पोरांना तिथंच ठेवत नाहीत."

त्यानं आयुष्यात सलग बोललेलं हे सगळ्यात जास्त. खुर्ची मागेच होती, तो बसला.

सभागृहानं त्याची निवड रद्द केली, मोठ्या बहुमतानं, आणि मतं देताना बरेच जण हसत होते, पण त्याला हसत नव्हते. साहेबांनाही जागा मिळाली नाही. त्यांना गावानं निवडलेलं नव्हतं, तेव्हा जागा रिकामीच राहील असं ठरलं. ओरिन टोपी घेऊन निघाला तेव्हा चॅफी त्याला दारापाशी गाठून म्हणाले की ती टिपणं आणि बीचपासून खडकापर्यंतची मापं तुमच्याजवळ असतील तर देऊन जा. ओरिननं कोटाच्या खिशातून तीन ओळींची चिठ्ठी काढून दिली.

तो घरी आला, कोट उतरवला आणि दुसऱ्या दिवसापासून शिडीवर चढून उरलेली सफरचंदं उतरवू लागला. लोविनानं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. पण ती रोज दुपारी कळीकडच्या पाऊलवाटेकडे बघायची, आणि पाऊलवाटेनं कुणी येत नव्हतं. एक दिवस ती स्वतः गेली. मर्सीनं दार उघडलं, बसायला दिलं, चहा दिला, आणि बोलणं हवापाण्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. लोविना परत आली ती डोळे पुसत. ओरिननं तिच्यासाठी चुलीत लाकूड घातलं. तेवढंच त्याला सुचलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर टपाल आलं. राज्याचं मोठं पाकीट, नाव मुख्य पंचांचं, म्हणजे टटलसाहेबांचं. चॅफींनी ठराव मांडला होता, दोन्ही सभागृहांनी तो फारशी चर्चा न करता मंजूर केला होता: लूमिसची कळी, तिच्यातली चार घरं आणि एक स्वयंपाकघर, सगळं आजपासून ड्रूरी गावाचं. कायदा होता की असा ठराव मुख्य पंचांनी गावासमोर मोठ्यानं वाचावा. साहेबांनी वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत, पुरता. त्यांना दाद द्यावी अशी एक गोष्ट आहे. चौकातल्या शाळेत अकरा पोरांना बसायला बाक कमी पडले, तेव्हा पाइनच्या फळ्या साहेबांच्याच गिरणीतून आल्या, न मागता. कुणी आभार मानले तर ते म्हणत की फळ्या जरा पिळवटलेल्या होत्या, नाहीतरी विकल्या गेल्या नसत्या. त्या फळ्या सरळसोट होत्या.

हिवाळ्याच्या सत्राची शाळा डिसेंबरमध्ये उघडली. त्या सकाळी लोविना चरबीच्या मेणबत्त्या करत होती. काठीला वाती टांगायच्या, कढईत बुडवायच्या, निथळू द्यायच्या, पुन्हा बुडवायच्या, असं ते लांबलचक काम. दार वाजलं नाही, उघडलंच. मर्सी आत आली, शाल खुंटीला टांगली, बाह्या सारल्या आणि दुसरी काठी उचलली. दोघी वाती बुडवत राहिल्या.

"चौघीही गेल्या," मर्सी अखेर म्हणाली. "धाकटीचं वय झालेलं नाही, पण रडून गेली. घर इतकं सुनं कधी पाहिलं नव्हतं मी."

"संध्याकाळी येतील की चारही तोंडं परत," लोविना म्हणाली. "मग हेच मागशील, सुनं घर."

तेवढ्यात ओरिन लाकडं घेऊन आत आला आणि मर्सीला बघून दारातच थबकला.

"दाजी," मर्सी कढईवरून नजर न काढता म्हणाली, "त्या दिवशी मी जे शब्द बोलले ना..."

"कोणते?" ओरिन म्हणाला. "बरेच होते."

मर्सीच्या हातातली काठी हलली आणि सहा मेणबत्त्या एकमेकींना चिकटल्या. लोविना चिडली, मर्सी हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना. चिकटलेल्या मेणबत्त्या ओरिननं सोडवल्या, वाकड्या झाल्या म्हणून बाजूला ठेवल्या, आणि मर्सी जाताना त्याच मागून घेऊन गेली.

पुढल्या सप्टेंबरात ओरिन पुन्हा उभा राहिला. आता पलंग वर असो की खाली, दोन्हीकडे ड्रूरीच होतं. तो निवडून आला आणि पुढे चार वेळा मॉंटपीलियरला गेला. तिथे तो शिवा आणि रस्त्यांच्या समितीत असे. भाषण त्यानं पुन्हा केलं नाही. पण राज्यात अजून कुठे कुठे कळ्या आहेत याची त्याच्याकडे यादी होती, आणि तो ती घेऊन इतका शांतपणे लोकांशेजारी जाऊन बसायचा, की कंटाळून तरी ते हो म्हणायचे. त्याच्या काळात अशा तीन कळ्या गावांना जोडल्या गेल्या.

त्या सप्टेंबरातल्या मतदानाला कळीतल्या चार घरांतली चारही कर्ती माणसं आयुष्यात पहिल्यांदा गावसभेत आली होती. स्वच्छ दाढ्या करून, टोप्या हातात धरून, रांगेत उभी. चिठ्ठ्या मोजल्या, ओरिन बऱ्याच मतांनी जिंकला, आणि परतताना तो आणि त्याचा साडू अमासा किडर एकाच गाडीतून निघाले. टेकडी अर्धी चढून झाल्यावर अमासानं घसा खाकरला.

"साडू, एक सांगून टाकतो. मी मत टटलना दिलं."

ओरिननं घोडा थांबवला नाही. "का रे?"

"आता करवसुलीवाला यायला लागला ना दारात. आणि जन्मात पहिल्यांदा मत मिळालं होतं. म्हटलं, आपल्या मनानं वापरून बघावं."

"मग? कसं वाटलं?"

"हरलो," अमासा म्हणाला.

ओरिननं लगाम सैल सोडला. "तेही गावात असल्याशिवाय जमत नाही," तो म्हणाला, आणि गाडी चढावर असल्यामुळे दोघंही उतरून घोड्याबरोबर चालू लागले.